पुणे–महाबळेश्वर–पोलादपूर: जुन्या पद्मिनीचे ब्रेक आणि चार्जिंग

कुर्ल्याच्या कारखान्यात १९७८ साली तयार झालेली आमची प्रीमियर पद्मिनी घेऊन आम्ही पुण्याहून वाई, पाचगणीमार्गे महाबळेश्वर गाठले आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. १०८९ सीसीच्या इंजिनाला हा प्रवास जड नाही. कस लागतो तो ब्रेकचा आणि डायनॅमोचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा. आणि या दोहोंतील बिघाड बहुधा दुसऱ्याच कशाचे तरी सोंग घेऊन समोर येतात.

खंबाटकीच्या चढावर गाडी ओढेनाशी झाली, तेव्हा बरोबरच्या मित्राने कार्बोरेटरवर संशय घेतला. वाईत थांबून चारही चाकांजवळ हात नेला असता पुढच्या डाव्या ड्रमची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी डब्याची, धग लांबूनच जाणवली. म्हणजे ब्रेक सुटतच नव्हता. चारही चाके आवळलेली असती, तर पेडलला मोकळी चाल आहे का आणि मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर चारही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाचे) परतीचे छिद्र तुंबले आहे का, हे आधी पाहावे लागले असते. एकच चाक धरते तेव्हा दोष त्या चाकाकडेच शोधावा. ड्रम निवल्यावर आम्ही जॅक लावला आणि चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीच्या, म्हणजे होजच्या, वरच्या टोकाचा लोखंडी पाइप किंचित सैल केला, तरी चाक फिरेना. चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचा निपल (हवा काढण्याचे तोंड) उघडताच ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. होज बाहेरून धडधाकट दिसत होता. पण आतून फुगल्यामुळे दाब पुढे जाऊ देत होता, मागे येऊ देत नव्हता. निपल उघडूनही चाक सुटले नसते, तर गंजलेला पिस्टन किंवा ब्रेक शूची (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्टीची) तुटलेली स्प्रिंग शोधावी लागली असती.

सुट्या भागांत होज होता, म्हणून तासाभरात काम झाले. होज बदलल्यावर पाइपांत शिरलेली हवा (एअर) काढताना जुने ऑइलही पूर्ण बदलावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते: डॉट ३ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावलेल्या ऑइलसाठीची किमान मर्यादा १४० अंशांची आहे. लांब उतारावर ऑइल उकळून त्याची वाफ झाली, की पेडल थेट तळाला जाते. आमच्या गाडीत एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना एकाच मार्गाने ऑइल पुरवणारा, मास्टर सिलिंडर असल्याने तेव्हा चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो.

पसरणी घाटात दाट धुके होते. हेडलाइट आणि वायपर चालू असताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणू लागला. इंजिन संथ चालत असताना हा दिवा लागणे डायनॅमोच्या गाडीत स्वाभाविक आहे; वेग वाढवूनही तो मंद तेवत राहिला, तर डायनॅमोपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे, असे समजावे. पाचगणीत रेझ करून, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवून, मल्टिमीटर लावला: डायनॅमोच्या मोठ्या टर्मिनलवर १४.६ व्होल्ट, बॅटरीवर १२.४. कटआउटच्या (डायनॅमो आणि बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) पेटीवरील तारेचे टोक हिरवे पडून ढिले झाले होते. बॅटरी सोडवून ते पॉलिश पेपरने घासले आणि घट्ट बसवले. नंतर बॅटरीवर १३.९ व्होल्ट मिळाले. नवी बॅटरी घ्या, असा सल्ला देणारे वाटेत भेटतातच.

डायनॅमोवरच व्होल्ट नसतील, तर प्रथम बेल्टचा ताण आणि कार्बन ब्रश पाहावेत. दोन्ही तारा काढून रेझ केल्यावर दोन-तीन व्होल्ट दिसले, तर आर्मेचर, म्हणजे डायनॅमोतील फिरणारे वेटोळे, जिवंत आहे. पुढील चाचणीत फील्डची (डायनॅमोतील चुंबकीय वेटोळ्याची) तार कोठे जोडायची, हे डायनॅमोच्या बनावटीनुसार बदलते. ते माहितगार इलेक्ट्रिशियनवरच सोपवावे. शंभर वॉटचे हॅलोजन बल्ब लावण्याचा मोहही टाळावा, कारण तशी जोडी एकटीच सोळा-सतरा अँपिअर खाते आणि इतर दिव्यांना, इग्निशनला फारसे काही उरत नाही.

आंबेनळी पावसाळ्यात दरडींमुळे बेभरवशाचा असतो; जुनी गाडी दिवाळीनंतरच न्यावी. वरून निघतानाच दुसरा गिअर टाकावा आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी ठामपणे दाबून सोडावा. प्रतापगडच्या फाट्यावर थांबून ड्रम निववावेत, मात्र त्यांवर पाणी ओतू नये. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि ऑइल कोठेही गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत. अशा गाडीने पुढचा उतार उतरू नये, ती महाबळेश्वरला परत न्यावी.