तुम्ही विचारलंत म्हणून: उंट जांभळा झाला तरी मी काही बोलत काऊन नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर सकाळी पोट्टे चित्रं रंगवायला बसतात, आणि कागद घरी गेला की कोणाची ना कोणाची आई मला दुकानात गाठतेच, की ताई, पोरानं उंट जांभळा केला, कोल्हा निळा केला, तुम्ही बरोबर रंग सांगत काऊन नाही? दर वेळी रस्त्यात अर्धंमुर्धं उत्तर देते, आज नीट लिहिते.

तो कागद म्हणजे कार्टूनवालं चित्र, वर मोठ्या अक्षरात 'वाळवंटातले जंगली प्राणी', खाली वाळूच्या टेकडीवर उंट, मोठ्या कानाचा छोटा कोल्हा, दोन पायावर उभं राहणारं मीरकॅट, विंचू, सरडा, मागे हात वर केलेलं कॅक्टस आणि डोक्यावर हसणारा सूर्य. झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठाच आणला.

आता खरं सांगू का, या चित्रात पोरांच्या रंगापेक्षा छापणाऱ्याच्याच चुका जास्त आहेत. ते हातवालं कॅक्टस, सॅग्वारो, ते फक्त अमेरिकेतल्या ॲरिझोनाकडे आणि मेक्सिकोत उगवतं, छोटा कोल्हा म्हणजे फेनेक, तो सहाराचा, मीरकॅट आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कलाहारीतलं, म्हणजे तीन वाळवंटं एकाच टेकडीवर आणून बसवलीत. आणि एका कुबडाचा उंट तर जंगली नाहीच. तो माणसाळलेला, ऑस्ट्रेलियात जे मोकाट फिरतात तेही माणसानंच नेऊन सोडलेल्यांची पिल्लावळ. खरे जंगली उंट दोन कुबडांचे, चीन-मंगोलियाच्या गोबीकडे, तेही आता हजाराच्या आतच उरलेत. मग जिथे कागदच एवढं खोटं बोलतो तिथे मी पोराला जांभळ्यावरून काय बोलू?

उंटाचं तर मला शिकवावंच लागत नाही. कापूस निघाला की कच्छचे रबारी मेंढ्या घेऊन आपल्याकडे येतात, खतासाठी वावरात मेंढ्या बसवतात, आणि त्यांचा खाटल्यापासून भांड्यापर्यंतचा सगळा संसार उंटावर असतो. पोट्ट्यांनी तो बाभळीचा पाला ओरबाडताना जवळून पाहिलाय. एकानं कॅक्टस खोडून तिथे बाभूळ काढली, मी काही म्हटलं नाही, उलट बरोबरच वाटलं. कुबडात पाणी असते असं मात्र सगळेच म्हणतात, ते मी लगेच दुरुस्त करते, तिथे चरबी असते, पाणी नाही. रंगाला सूट आहे, गोष्टीला नाही!

खरी मजा कोल्ह्याच्या कानावर आली. मी सांगितलं की त्याच्या एवढाल्या कानांतून अंगातली गरमी बाहेर जाते, तर एक पोरगी म्हणे, "पण ताई, आपन त मे महिन्यात कानाले दुपट्टा बांधतो, कानातून ऊन लागते म्हनून, मग हा उघडे काऊन ठेवते?" घ्या आता! प्रश्न अगदी बरोबर होता, कारण हवा अंगापेक्षा गरम असली की, आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो तशी, तर कानातून गरमी बाहेर जायच्या ऐवजी आतच येणार. म्हणून तर तो भर दुपारी बिळात असतो आणि रात्री फिरतो, असं सांगितल्यावर तिनं सूर्यावर काळी पेन्सिल फिरवली, सगळं चित्रच रात्रीचं करून टाकलं. मग दुसरा भांडायला लागला की मीरकॅट तर दिवसा निघते ना, आणि तेही खरंच, त्याच्या डोळ्याभोवती काजळ फासल्यासारखे काळे डाग असतात ते उन्हाची चमक कमी व्हावी म्हणूनच. हे भांडण चहा होईपर्यंत चाललं, मी मध्ये पडले नाही.

विंचू पोपटी करणाऱ्या पोराला सगळे हसले होते. पण विंचवावर अतिनील प्रकाशाचा टॉर्च मारला तर तो अंधारात खरंच हिरवट-निळा चमकतो. सरड्याचंही तसंच, नामिबच्या वाळवंटातला एक सरडा सकाळच्या थंडीत काळा पडतो, ऊन शोषायला, आणि दुपारी फिका होतो. मग कोणत्या वेळचा रंग बरोबर म्हणायचा, सांगा?

एकानं आकाश कोरंच ठेवलं होतं. राहिलं का रे म्हटलं तर म्हणे, "दुपारी निळं कुठं असते, पांढरंच त असते." मेच्या दुपारी वर बघा एकदा.

तेलखडू काऊन देत नाही हेही कोणी कोणी विचारतं. उन्हात ठेवले की ते वितळतात आणि ओसरीवर डाग पडतात, ते मलाच घासावे लागतात. पेन्सिलीच बऱ्या. पाण्याचे रंग तर झेरॉक्सच्या पातळ कागदावर नकोच, कागद फुगतो.

पुढच्या वेळी छापील कागद नाही आणणार, मीच काढतेय, थरचं वाळवंट, चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि माळढोक, तो तर आपल्या वरोऱ्याकडेही दिसायचा. पोरांना सकाळी सातलाच पाठवा, नऊनंतर पत्रा तापतो. आणि जमलं तर सोबत एक पिवळी आणि एक तपकिरी पेन्सिल द्या, वाळूनं आमच्या सगळ्या संपवल्यात.