पार्ट-वॉशरमध्ये ओतायचे तरी काय?

भोसरी एमआयडीसीतील आमच्या इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये नवा पार्ट-वॉशर, म्हणजे सुटे भाग धुण्याचे यंत्र, घ्यायचे ठरले, तेव्हा यंत्रापेक्षा त्यात कोणते द्रव वापरायचे यावरच अधिक खल झाला. आमच्याकडचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळे काका म्हणतात, रॉकेलवर ठाम होते. ते ग्रीस चटकन सोडवते आणि धुतलेल्या लोखंडाला लगेच गंज धरत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. परंतु भारतीय मानकानुसार रॉकेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान) किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या आसपास पोहोचतो, त्यामुळे वेल्डिंग आणि ग्राइंडिंग चालू असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये रॉकेलची उघडी टाकी ठेवणे मला मान्य नव्हते. पेट्रोलचा तर विचारच नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गाडीखालच्या खड्ड्यात साचून राहते.

म्हणून पाण्यात मिसळायच्या क्लीनरचे नमुने मागवले. पहिल्या नमुन्यासोबत आलेल्या विक्री प्रतिनिधीने ‘सगळ्या धातूंना चालते, सर’ असे छातीठोकपणे सांगितले. पीएचची पट्टी बुडवली, तर रंग १३ च्या खान्याशी जुळला, म्हणजे द्रावण तीव्र अल्कलीचे आणि यात कॉस्टिक सोडा असणार हे उघड होते. भंगारातला एक पिस्टन त्या गरम द्रावणात सोडला आणि आम्ही सगळे टबाभोवती उभे राहिलो. थोड्याच वेळात पिस्टनभर बारीक बुडबुडे उठू लागले. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खाते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, तोच हा प्रकार होता. बाहेर काढलेल्या पिस्टनवर काळी भुकटी होती आणि ती बोटाने पुसली जात होती. पिस्टनच्या मिश्रधातूतले सिलिकॉन कॉस्टिकमध्ये तितक्या सहज विरघळत नाही, ते असे मागे राहते. काका म्हणाले, ‘साहेब, यात सिलिंडर हेड टाकलं असतं तर गिऱ्हाइकाला काय सांगितलं असतं?’ प्रतिनिधीकडे उत्तर नव्हते.

दुसरा नमुना सौम्य अल्कलीचा होता आणि त्याने अॅल्युमिनियमला काही केले नाही, मात्र पावसाळी हवेत त्यात धुतलेल्या गिअरवर चहा होईपर्यंत तांबूस छटा आली. त्यात गंजरोधक घटक नव्हता. तो घटक असलेला याच जातीचा क्लीनर आम्ही शेवटी निवडला. यंत्राच्या हीटरने द्रावण ५० अंशांच्या आसपास ठेवतो, कारण थंड पाण्यात घट्ट ग्रीस हलत नाही, आणि धुऊन होताच कॉम्प्रेसरच्या हवेने भाग कोरडे करून त्यांवर तेलाचा हलका हात फिरवतो.

बेअरिंगबाबत मात्र काकांचे ऐकले. गोळ्यांच्या फटींत अडकलेले पाणी हवेनेही पुरते निघत नाही आणि हवेच्या झोताने बेअरिंग कोरडेच गरगर फिरवणे तर मुळीच योग्य नाही, म्हणून त्यांच्यासाठी ६० अंशांहून अधिक फ्लॅश पॉइंट असलेल्या सॉल्व्हंटचा (रॉकेलसारख्या, ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवाचा) झाकणाचा छोटा ट्रे वेगळा ठेवला. टाकीत तरंगणारे तेल आणि तळाचा गाळ गटारात न सोडता बंद ड्रममध्ये साठवतो आणि घातक कचरा म्हणून अधिकृत वाहतूकदाराकडे देतो. तो खर्च धरूनच द्रवाच्या लिटरमागच्या दरांची तुलना केली, तेव्हा रॉकेल काकांना वाटत होते तितके स्वस्त उरले नाही.