भंडारदऱ्याचे काजवे, आईचं इन्सुलिन आणि डिकीतला फ्रिज

जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही नाशिकहून भंडारदऱ्याला जाऊन आलो, एक रात्र तंबूत, मी, नवरा, दोन पोरं, दादा आणि आई. काजवे बघायचे ही आईची कितीतरी वर्षांची इच्छा. ती ६८ वर्षांची आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन घेते, आणि त्यामुळेच या ट्रिपची निम्मी तयारी म्हणजे फ्रिजची तयारी होती. ज्यांच्या घरात असं औषध आहे किंवा लहान बाळाचं दूध वगैरे आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

आधी मागच्या वर्षीचं सांगते. मे महिन्यात हतगडला गेलो होतो, तेव्हा नवऱ्याच्या मित्राकडून गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा कूलर बॉक्स मागून आणला होता, दिसायला छान, हलका, आम्हाला वाटलं झालं काम. वाटेत वणीला गडावर दर्शनाला थांबलो, गाडी दोन तास उन्हात, आणि परत येऊन झाकण उघडलं तर आतलं इन्सुलिनचं पेन हाताला कोमट लागलं. आईने काहीच म्हटलं नाही, नुसतं पेन हातात धरून बसली. दोन्ही पेनं टाकून दिली, कारण इन्सुलिन बिघडलं की ते बघून कळतंच असं नाही, स्वच्छ दिसतं पण काम करत नाही. संध्याकाळी मेडिकल शोधत फिरलो ते वेगळंच.

नंतर नीट समजून घेतलं की झालं काय. हे स्वस्त बॉक्स असतात त्यात कॉम्प्रेसर नसतो, एक पेल्टियर पट्टी (वीज दिली की एका बाजूने गार, दुसऱ्या बाजूने गरम होणारी) आणि पंखा असतो, त्याला थर्मोइलेक्ट्रिक म्हणतात. ते बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंश खाली नेतात, बस. म्हणजे बाहेर ४० असेल तर आत २० ते २५, आणि बंद गाडी उन्हात ५० च्या वर जाते तेव्हा आत ३० च्या वर. शिवाय बऱ्याच गाड्यांमध्ये चावी काढली की सॉकेटच बंद होतं, आमच्या गाडीत तसंच आहे, म्हणजे ते दोन तास बॉक्स चालूच नव्हता. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर चालतं (तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघा, डॉक्टरांना विचारा), पण मे-जूनमध्ये गाडीतलं तापमान कुठे ३० च्या आत राहतंय.

तेव्हा कॉम्प्रेसरवालाच घ्यायचा हे ठरलं. गॅसवर चालणारेही असतात, पण ते अगदी सपाट जागेवर ठेवावे लागतात आणि बंद तंबूत गॅस पेटवायचा म्हणजे जिवाशी खेळ, तो विषयच सोडला. कॉम्प्रेसरवाला म्हणजे आपल्या घरच्या फ्रिजचंच छोटं भावंड, १२ व्होल्टवर चालतो, बाहेर कितीही ऊन असो आत ४ म्हटलं की ४ कडे जातो, उणे १८ पर्यंत पण जातात बरेचसे. आमचा २० लिटरचा, ४५ वॅटचा, २३ हजारांना पडला, रिकामा असताना ११ किलो भरतो. ४० लिटरचा घ्यायचा मोह झाला होता पण डिकीत तंबू, गाद्या आणि सहा माणसांच्या बॅगा ठेवल्यावर जागा किती उरते ते आधी टेपने मोजा, आणि जिथून हवा बाहेर फेकतो त्या जाळीसमोर चार-पाच बोटं मोकळी ठेवायची असतात ती पण धरा. जाळी बॅगेने दाबली तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही, बॅटरी खात बसतो.

खरी मेख फ्रिजमध्ये नाहीये, रात्री त्याला वीज कुठून देणार त्यात आहे. दुकानात कोणी हे नीट सांगत नाही म्हणून हिशोब लिहिते. ४५ वॅट भागिले १२ म्हणजे चालू असताना पावणेचार अँपिअर. तो सतत चालत नाही, बंद-चालू होतो, उन्हाळ्यात समजा निम्मा वेळ चालला तर १२ तासांत साधारण २२ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते आणि ती निम्म्याखाली उतरवली तर सकाळी गाडी स्टार्ट होईल की नाही सांगता येत नाही, शिवाय बॅटरीचं आयुष्य कमी होतं. फ्रिजमध्ये बॅटरी वाचवायची सेटिंग असते, हाय, मीडियम, लो अशी. गाडीच्या बॅटरीवर लावलाय तर हाय ठेवा, म्हणजे व्होल्टेज ११ च्या आसपास आलं की तो स्वतः बंद होतो. लो वर बऱ्याच मॉडेलमध्ये तो १० च्याही खाली जाईपर्यंत चालत राहतो, मग पहाटे जंगलात धक्का मारायला माणसं शोधा. पण हाय ठेवलं की दुसरा त्रास, गाडीच्या सॉकेटची आतली वायर बारीक असते, कॉम्प्रेसर सुरू होताना तिच्यात व्होल्टेज पडतं, फ्रिजला वाटतं बॅटरी संपली आणि तो बंद पडतो, बॅटरी चांगली असतानासुद्धा. आमच्या घरच्या चाचणीत रात्री दीड वाजता हेच झालं, सकाळी बघितलं तर स्क्रीनवर एरर.

म्हणून वेगळं पॉवर स्टेशन, म्हणजे घरून चार्ज करून न्यायची मोठी बॅटरी, घेतलं, ३०० वॅट-अवरचं (१२ ने भागलं तर २५ अँपिअर-तास), लिथियम फॉस्फेटवालं. फ्रिजच्या खर्चात हे धरूनच चला, नाहीतर नुसता फ्रिज घेऊन उपयोग नाही. पॉवर स्टेशनवर फ्रिजची सेटिंग लो ठेवायची, कारण त्याला स्वतःचं संरक्षण असतं. आणि त्याला घरच्यासारखा थ्री-पिन प्लग लावू नका, १२ व्होल्टच्याच सॉकेटला लावा, थ्री-पिनसाठी त्याच्या आतला इन्व्हर्टर चालू झाला की तो स्वतःच वीज खातो.

दिंडोरीला माझा मामेभाऊ आहे, द्राक्षं एक्स्पोर्टला देतो. फ्रिज घेतल्याचं कळल्यावर त्याचा फोन आला, म्हणाला, "ताई एक ध्यानात ठेव, कंटेनर माल गार करत नाही, गार केलेला माल गार ठेवतो. आमचा माल आधी प्री-कूलिंगला जातो तो उगाच नाही." हे एक वाक्य सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा कामाला आलं. शुक्रवारी रात्रीच फ्रिज घरच्या प्लगवर लावला, आणि त्यात जाणारं सगळं, दूध, दही, पनीर, मॅरिनेट केलेलं चिकन, घरच्या फ्रिजमध्ये गार करून मगच भरलं. दोन पाण्याच्या बाटल्या बर्फ करून तळाशी. रिकामी जागा टॉवेलने भरली, कारण रिकामा डबा उघडला की गार हवा सगळी बाहेर. चिकन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि सगळ्यात खाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रीनवर ४ दिसतंय म्हणजे आत सगळीकडे ४ नसतं. मी दीडशे रुपयांचे दोन छोटे थर्मामीटर आत ठेवून एक रात्र बघितलं, तळाशी भिंतीला टेकून उणे १ आणि वरच्या जाळीत ६. पेन तळाशी ठेवलं असतं तर गोठलं असतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं, ते गेलंच. तेव्हापासून आईची पेनं पातळ सुती कापडात गुंडाळून, छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, वरच्या जाळीत मधोमध, भिंतीला न टेकता, आणि त्याच डबीत थर्मामीटर. सेटिंग ५.

शनिवारी दुपारी दोनला निघालो, पाथर्डी फाट्यावरून हायवेने घोटी, तिथून डावीकडे बारी आणि शेंडी, सगळं मिळून ७० किलोमीटरच्या आसपास. बारीला कळसूबाई दिसलं तेव्हा आईने गाडीतूनच हात जोडले. रस्ता घोटीनंतर काही ठिकाणी उखडलेला आहे आणि त्या धक्क्यांनी लायटर सॉकेटमधला प्लग हळूहळू बाहेर सरकतो, बघितलं तर बसलेला दिसतो पण करंट नसतो. मुलाला फक्त तेवढंच काम दिलं होतं, दर पंधरा मिनिटांनी फ्रिजचा दिवा बघायचा, वाटेत दोनदा सुटला, दोन्ही वेळा त्याने पकडला. गाडी चालू असताना फ्रिज मॅक्सवर ठेवा, तेव्हा वीज इंजिनाची असते. मुक्कामाला पोचलात की इको, म्हणजे कमी वीज खाणारी सेटिंग.

विल्सन धरणावर थोडा वेळ थांबलो (प्रवरेवरचं, १९२६ सालचं, अजून दणदणीत उभं आहे), मग तलावाच्या कडेने मुरशेतच्या पुढे एका घराच्या अंगणात तंबू लावले. घरच्या मावशींनी फोनवर सांगितलं होतं, चार्जिंगला प्लग देते म्हणून, पण दुपारी वळवाचा पाऊस झालेला, लाइट गेलेली, आणि ती दुसऱ्या दिवशी आम्ही निघेपर्यंत आलीच नाही. या दिवसांत तिकडे हे धरूनच चालायचं. पॉवर स्टेशन नसतं तर मागच्या वर्षीचीच गत होती.

जेवणात मावशींनी पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा केला, आमचं चिकन त्यांच्याच चुलीवर शिजलं. जेवायच्या आधी आईचं इन्सुलिन, डबीतला थर्मामीटर ५.८ दाखवत होता. मी तो आकडा तिला दाखवला, तर म्हणाली, "मला कशाला दाखवतेस, तू बघितलंस ना." (फ्रिजमधलं पेन लगेच टोचू नका, थोडा वेळ बाहेर ठेवा, गार टोचलं की दुखतं.)

साडेआठला काजव्यांकडे निघालो, मावशींचा मुलगा पुढे. हिरडा, बेहडा, सादडा, अशी काही झाडंच ते धरतात, सगळी नाही, आणि एक झाड तर असं की आख्खंच्या आख्खं एकदम उजळत होतं आणि एकदम विझत होतं, जणू कोणी श्वास घेतंय. आई अर्धा तास काही बोलली नाही. इथे कळकळीने सांगते, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश, गाडीचे हेडलाइट यातलं काहीही झाडांवर मारू नका, उजेड पडला की ते लुकलुकणं थांबवतात आणि त्या लुकलुकण्यावरच त्यांची जोडी जमते. गवतात पण बसलेले असतात, पायवाट सोडून आत शिरू नका, गाणी लावू नका. हे अभयारण्य आहे, नाक्यावर त्या वर्षीच्या वेळा आणि नियम विचारून घ्या.

परत तंबूकडे आलो तेव्हा एक गोष्ट खटकली. एवढ्या काळोखात आमच्या फ्रिजची निळी स्क्रीन आणि पॉवर स्टेशनचा आकडा लांबून चमकत होता, आणि अंगणाच्या कडेच्या झाडावरही दोन-चार काजवे होते. मी लगेच आईची जाड ओढणी दुहेरी करून स्क्रीनवर टाकली, हवेची जाळी मोकळी ठेवून. पॉवर स्टेशनचा दिवा बटण दाबून बंद होतो. कॉम्प्रेसरची घरघर पण घरी ऐकू येत नाही, तिथे रात्री चांगली ऐकू येते, म्हणून फ्रिज तंबूत न घेता गाडीतच, काच दोन बोटं खाली. हवा गार होती, २४ च्या आसपास, त्यामुळे तो कमी वेळा सुरू होत होता. रात्री ८ ला पॉवर स्टेशन ९८ टक्के होतं, सकाळी ६ ला ५६. म्हणजे अशा हवेत एक रात्र आरामात, दोन रात्री काटकसरीने, पण मे मधल्या नाशिकच्या उन्हात हाच हिशोब धरू नका, तिथे निम्मं समजा.

सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघितलं, दादा आणि पोरं पुढे साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. आत नाही उतरली, आदल्या दिवशी पाऊस झालेला असताना त्या दरीत उतरायचं नाही, पाणी कुठून कधी येईल सांगता येत नाही. आई देवळाच्या पायरीवर बसून राहिली.

आता, सगळ्यांनी २३ हजार घालवावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. एक रात्र जायचंय, कोल्ड्रिंक, ताक, फळं, थोडं दूध एवढंच आहे तर चांगल्या जाड भिंतीचा आइस बॉक्स घ्या आणि बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणा, चुरा नको, तुकडा जास्त टिकतो. एक किलो बर्फ वितळताना जवळजवळ ९३ वॅट-अवर उष्णता ओढून घेतो, म्हणजे ५ किलोची लादी काही कमी नाही, आणि तिला ना वायर ना बॅटरी. वितळलेलं पाणी लगेच ओतून देऊ नका, तेही गारच असतं, फक्त सामान त्यात बुडू देऊ नका. पण औषध असेल, किंवा तीन-चार दिवस बाहेर राहायचं असेल, तर बर्फाच्या भरवशावर राहू नका, कारण बर्फाला टेकलेलं पेन गोठू शकतं आणि बर्फ संपला की सगळंच संपतं. थर्मोइलेक्ट्रिक बॉक्स औषधासाठी तर नकोच, कितीही स्वस्त मिळाला तरी. आणि फ्रिज कितीही चांगला असला तरी एक जास्तीचं पेन आणि डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, शेंडी आणि घोटी सोडलं तर मध्ये मेडिकल मिळेलच असं नाही. साखर आणि बिस्किटं पण हाताशी, चालणं जास्त होतं तिथे.

घेताना अजून दोन गोष्टी. दुकानात तो चालू करायला लावा आणि हाताने वायरचा प्लग हलवून बघा, ढिला असेल तर रस्त्यावर रोजचा ताप. आणि घरी नेताना गाडीत आडवा टाकला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवा, मगच चालू करा.

रविवारी दुपारी चारला घरी पोचलो. फ्रिज लगेच रिकामा करून, सोड्याच्या पाण्याने पुसून, झाकणात लाटणं अडकवून गॅलरीत ठेवला, बंद करून ठेवला तर दोन दिवसांत कुबट वास धरतो. उरलेलं पेन घरच्या फ्रिजच्या दारात गेलं. आई चहा पिताना दादाला विचारत होती की दिवाळीनंतर दापोलीला किती तास लागतात.