उबुंटू १८.०४ ला प्रो लावताना /बूट भरलं, तीन तास गेले (माझा अनुभव)

नागपूरच्या महाल भागात काकांचा छापखाना आहे, तिथल्या पीसीवर उबुंटू १८.०४ (लिनक्स सिस्टिम). लग्नपत्रिकांची वर्षानुवर्षांची डिझाइनं त्यावरच. साधा सपोर्ट मे २०२३ मध्येच संपला होता अन् कोणाला पत्ताच नाही, कारण एपीटी अपडेट (नवे अपडेट तपासायची कमांड) मारलं की सगळं अप टू डेट आहे असंच यायचं. मला राग याच गोष्टीचा आहे. नवीन पॅच येणंच थांबलं की अप टू डेटच दिसणार ना! खाली उबुंटू प्रोची (साधा सपोर्ट संपल्यावरही अपडेट देणारी सेवा) एक ओळ येते, पण ती जाहिरातीसारखी वाटते म्हणून कोणी वाचत नाही.

काका म्हणे, "चालून राह्यलं ना बेटा, मंग कायले हात लावतं त्याले?" जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर तिथेच नीट चालतो, त्यात लग्नसराई, म्हणून नव्या आवृत्तीवर जायला नको, उबुंटू प्रो घ्यायचं ठरवलं. पाच मशीनपर्यंत फुकट आहे, १८.०४ ला एप्रिल २०२८ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. अकाउंट, टोकन, प्रो अटॅच, दहा मिनिटांत झालं.

मग एपीटी अपग्रेड मारलं (आलेले अपडेट बसवायला) अन् नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) बसताना मधेच "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". डिस्कवर दोनशे जीबी रिकामे! मेची दुपार, कूलर गरम हवा फेकतोय, अन् मी तासभर डाउनलोड फोल्डर साफ करत बसले, जे काहीच कामाचं नव्हतं. शेवटी डीएफ -एच (कुठे किती जागा ते दाखवणारी कमांड) मारलं तेव्हा दिसलं, /बूट, म्हणजे कर्नल ठेवायची जागा, डिस्कचा वेगळा भाग (पार्टिशन), जेमतेम अर्धा जीबी, १०० टक्के भरलेलं. ज्याने इन्स्टॉल केलं त्याने एवढंच ठेवलं होतं अन् दर अपडेटला जुने कर्नल तिथेच साचत गेले. ऑटोरिमूव्ह (नको असलेलं जुनं काढणारी कमांड) करावं तर ते म्हणतं आधी अर्धवट कर्नल पूर्ण बसव, अन् तो बसवायला जागा पाहिजे. एपीटी -एफ इन्स्टॉल (अर्धवट राहिलेलं पूर्ण करणारी कमांड) मारलं तर पुन्हा तीच ओळ. बर्डीवरच्या एका दुकानात फोन केला तर सरळ "फॉर्मॅट मारा" म्हणाला. फॉर्मॅट कशाला? सगळा डेटा त्यावर आहे.

सुटलं ते असं. आधी यूनेम -आर ने चालू कर्नल कोणता ते बघून कागदावर लिहून घेतलं, मग /बूट मधून सगळ्यात जुन्या कर्नलची फक्त इनिटआरडी फाइल (तो कर्नल सुरू होताना लागते ती) हाताने उडवली, चालू असलेल्याला बिलकुल हात लावायचा नाही. थोडी जागा झाली, मग एपीटी -एफ इन्स्टॉल, ते निघालं, त्यानंतर ऑटोरिमूव्ह --पर्ज. एकेक जुना कर्नल जाताना बघून इतकं बरं वाटलं की काय सांगू. एक जुना कर्नल मात्र राहू द्यायचा, नवा चालू झाला नाही तर लागतो.

हां, सगळ्यात आधी सांगायचं राहिलं, बॅकअप! मी पेनड्राइव्हवर पत्रिका घेऊनच बसले होते. अन् प्रो लावायच्या आधीच /बूट बघा, तुमचे तीन तास वाचतील. नंतर नव्या आवृत्तीवर जायचं तर १८ वरून थेट २२.०४ वर उडी मारता येत नाही, मधे २०.०४ घ्यावंच लागतं, अन् त्याचाही साधा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपलाय, तिथे थांबू नका.

रीस्टार्ट केलं, नवा कर्नल आला, /बूट ४१ टक्के. काकांनी लगेच एक पत्रिका छापून बघितली, हळदीचा पिवळा अगदी तसाच आला.