क्रोमार्टीचा पाथरवट

एडिनबराबद्दल फार लिहीत नाही. ऑगस्टमध्ये रॉयल माइलवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि किल्ल्याची रांग पाहूनच मी मागे फिरले. जे बघायला गेले होते तेही दिसलं नाही: हिल आणि ॲडमसन या छायाचित्रकार जोडीने १८४३ मध्ये काढलेला ह्यू मिलर या स्कॉटिश पाथरवट-लेखकाचा फोटो. कागदावरच्या या जुन्या फोटोंना उजेड सोसत नाही, त्यामुळे ते कायम भिंतीवर ठेवत नाहीत. कारण पटतं, पण इतक्या लांब येऊन फार वाईट वाटलं.

स्क्रीनवर पाहून पाहून तो फोटो मला पाठ झाला आहे. एका हाताची बाही कोपराच्या वर सारलेली, हातात पाथरवटाची लाकडी मोगरी, अंगाचा भार थडग्याच्या दगडावर. अर्धा चेहरा उन्हात, अर्धा सावलीत. हत्यारांसह कारागीर दिसतो असे इतके जुने फोटो थोडेच आहेत. कॅलोटाइपची, म्हणजे कागदावर फोटो उमटवण्याची पद्धत तेव्हा अगदी नवी होती. ती शोधून काढणाऱ्या टॅल्बटचं पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हतं, म्हणून हिल हा चित्रकार आणि ॲडमसन हा विशीतला तरुण एडिनबरात ती मोकळेपणाने वापरू शकले. त्यांना हवं होतं लख्ख ऊन आणि जराही न हलणारा माणूस.

पण मिलर तेव्हा पाथरवट राहिला नव्हता. सतराव्या वर्षी तो खाणीत कामाला लागला, दगडाच्या धुळीने त्याची फुप्फुसं कायमची अधू झाली. मग तो बँकेत हिशेबनीस झाला आणि १८४० पासून 'द विटनेस' या वृत्तपत्राचा संपादक. लाल वालुकाश्म आणि त्यातले जीवाश्म यांवरच्या लेखनाने त्याचं नाव झालं होतं. तेव्हा संपादकाने जुनी हत्यारं हातात धरून फोटो काढून घेतला, सगळं मांडून घेतलेलं आहे, असं म्हणणं अगदी सोपं आहे.

मला ते पटत नाही आणि न पटण्याचं कारण त्याच्या जन्मगावात, क्रोमार्टीत आहे.

इन्व्हरनेस शहरातून ब्लॅक आयल या द्वीपकल्पातून तिथे बस जाते. बसेस कमी, त्यामुळे सगळा दिवस त्यांच्या वेळापत्रकाने चालतो आणि त्याचा मला राग येतो. गाव लहान, समुद्राला लागून. मिलरचं जन्मघर बुटकं, गवताने शाकारलेलं. ते बघून मी चढ चढून सेंट रेग्युलसच्या जुन्या दफनभूमीत गेले. झाडांखाली कवट्या आणि हाडं कोरलेले दगड, म्हणून स्थानिक लोक तिला चाच्यांची दफनभूमी म्हणतात. त्यांत एक साधा दगड एलायझाचा आहे. ही मिलरची पहिली मुलगी, दीड वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, १८३९ मध्ये गेली. दगड बापानेच घडवला. त्यानंतर त्याने पुन्हा थडग्याचा दगड कोरला नाही.

मी तिथे बराच वेळ उभी होते. पाऊस आला तरी हलावंसं वाटेना. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला तो दगड दुसऱ्या कुणाकडून करून घेता आला असता. त्याने जुनी छिन्नी काढली आणि लेकीचं नाव स्वतः कोरलं. यानंतर चार वर्षांनी तो कॅमेऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा पुन्हा मोगरी हातात घेतो आणि पुन्हा थडग्याच्याच दगडावर रेलतो. याला सोंग कसं म्हणायचं? त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने स्वतःच्या वृत्तपत्रात कॅलोटाइपवर लिहिलं. त्यात या फोटोचं बारीक वर्णन आहे, पण स्वतःचं नाव नाही. थडग्यावर मोगरी टेकवून वाकलेला एक कारागीर, एवढंच.

कारागिराला नाव असणं ही लहान गोष्ट नाही. पुढच्या दोन दशकांत विल्यम जॉन्सनने मुंबईत फोटो काढले, त्यांखाली बहुतेक वेळा माणसाची जात किंवा जमात लिहिलेली सापडते. ते कोण होते हे आपल्याला आता कधीच कळणार नाही आणि मला त्याची चीड येते.

मिलरची ओळख बहुतेक ठिकाणी 'भूशास्त्रज्ञ आणि लेखक' अशी देतात. आधी 'पाथरवट' लिहायला हवं. दगडाचा थर कसा फुटतो हे हाताला कळल्यावरच त्याला त्यातले जीवाश्म झालेले मासे दिसले. एडिनबराला जाणार असाल तर किल्ला सोडला तरी चालेल, क्रोमार्टीला मात्र एक रात्र तरी राहा. मला राहता आलं नाही, शेवटची बस गाठावी लागली.