मुक्कामी गाडी

आबांना वारी चालता आली नाही, कारण वारी असायची. माझे हे आजोबा एसटीत कंडक्टर होते. आषाढी जवळ आली की डेपोच्या फळ्यावर 'रजा बंद' लागायचं आणि पुढचे आठ-दहा दिवस सातारा-पंढरपूर, पंढरपूर-सातारा, जादा गाडी, आत माणसं कोंबलेली, टपावर गाठोडी. १९५३ ला चिकटले, १९८९ ला सुटले. मधल्या सगळ्या आषाढ्यांना हा माणूस पंढरपुरात होता आणि त्याने विठोबाचं दर्शन घेतलं ते गर्दी ओसरल्यावर कधीतरी, श्रावणात, खाकी कपड्यांतच.

यंदा मी चालले. आबांसाठी चालतेय असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याने सगळ्यांना सांगितलं.

दिंडी आत्याच्या नणंदेच्या ओळखीतली, रथामागची. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली, राहुटीत कडेची जागा मिळाली, आणि पहिल्याच रात्री कळलं की कडेची जागा म्हणजे पाणी आत यायची जागा. पुणे-सासवड कशी चालले ते आठवत नाही. दिवेघाटातल्या फोटोत मी हसतेय, म्हणजे तोवर पाय बरे होते. जेजुरीला भंडारा डोळ्यात गेला. नीरेला माउलींचं स्नान पाहिलं, म्हणजे स्नान पाहणाऱ्यांच्या पाठी पाहिल्या. चांदोबाच्या लिंबाला रिंगणात अश्व माझ्यापासून चार हातांवरून धावला म्हणतात. समोर एक उंच गृहस्थ दोन्ही हातांत मोबाइल धरून उभे होते, त्यांच्या काखेतून मला फक्त धूळ दिसली. शेजारची बाई ती धूळ उचलून कपाळाला लावत होती. मीही लावली. राग गेला नाही, पण लावली.

आबांना दोन नाद होते, भजनाचा आणि हिशेबाचा.

भजनाचा नाद मुक्कामी गाडीने लावला. संध्याकाळी टोकाच्या गावाला जायचं, रात्रभर तिथेच थांबायचं, पहाटे पहिल्या फेरीला परत निघायचं. ड्रायव्हर गाडीत झोपणार, कंडक्टर देवळात. बाकीचे ही ड्यूटी टाळायचे, आबा मागून घ्यायचे. आजी म्हणायची, "ह्यांना घरात झोप लागत नाही, देवळात लागते." कारण देवळात भजन असायचं. आबा टाळ घेऊन कडेला बसत, आणि सकाळी गाडी सुटायच्या आत एका वहीत नोंद करत. ती वही म्हणजे रद्द वेबिलांच्या, कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदांच्या, कोऱ्या पाठी दाभणाने शिवलेला गठ्ठा. आजी गेल्यावर ट्रंक उपसली तेव्हा तो माझ्या हाती आला.

त्यात चाली आहेत. स्वर लिहायला आबांना येत नव्हतं, म्हणून चालीला गावाचं नाव. 'बुधची'. 'निढळची'. 'पुसेसावळीची'. पुढे अभंगाचे पहिले दोन-तीन शब्द, तारीख, आणि शेरा. 'पखवाज उतरलेला.' 'पावसाने माणूस कमी.' 'आवाज फुटला, तरी म्हटले.' एका ठिकाणी नुसतंच, 'चहा दोनदा.'

वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी पाठीवर घेतली होती. माझी कल्पना अशी की दिंडीत कुणीतरी एखादी चाल लावील आणि मी मनात म्हणेन, ही निढळची. किती शहाणी कल्पना! वहीत चालीचं नाव आहे, चाल नाही. चाल आबांच्या डोक्यात होती आणि आबा २०१८ साली गेले.

हिशेबाचं तसं नाही. हिशेब आम्हा सगळ्या नातवंडांना पाठ आहे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपया सोळा आण्यांचा होता तो शंभर पैशांचा झाला. आण्याला सव्वासहा पैसे, पण पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून तक्ता आला: एक आण्याला सहा, दोनला बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस. तिनाला अठरा का नाही, यावर आबांची चालत्या गाडीत महिनोन्‌महिने भांडणं झाली. शेवटी त्यांनी तक्त्याला ठेका लावला आणि भांडणाऱ्याला ते म्हणूनच दाखवू लागले. पुढे आम्हाला झोपवतानाही तेच. आणा कशाशी खातात हे ठाऊक नसताना मला एकोणिसाला झोप लागायची.

अंतर ते किलोमीटरमध्ये कधी सांगत नसत, टप्प्यांत सांगत. एसटीच्या भाड्याचा एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. माझं कॉलेज घरापासून अर्धा टप्पा होतं. आत्याला दिली ती सात टप्प्यांवर.

बरड ते नातेपुते साडेतीन टप्पे आहेत. गाडीने ते कळतही नाहीत.

उजव्या टाचेचा फोड तरडगावलाच आला होता. फलटणला त्याला शेजारी मिळाला. बूट साडेचार हजारांचे, दुकानातल्या मुलाने वाकवून-पिळून दाखवलेले. माझ्यापुढे एक बाई चपलेचा तुटलेला बंद सुतळीने बांधून, डोक्यावर तुळस घेऊन, गात चालली होती. तिचा मला मनापासून राग आला. त्या दिवशी पाऊस नव्हता. आभाळ नुसतंच दाटलेलं, खाली डांबर तापलेलं, आणि कुणीतरी दर फर्लांगाला राजगिऱ्याचा लाडू हातात कोंबत होतं. मला पाणी हवं होतं. एकाने हळद लाव म्हणून सांगितलं. दुसऱ्याने त्याच्या भाच्याच्या कंपनीचं मलम सांगितलं. तिसरा म्हणाला, नामात राहा, दुखणं कळणार नाही. त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो हसून 'माउली, माउली' म्हणत पुढे गेला, हे जास्त लागलं.

मग मी मोजायला लागले. टाळांवर 'ज्ञानोबा-तुकाराम' चाललेलं आणि माझ्या तोंडात एक आण्याला सहा. उजवा पाय सहा, डावा बारा, उजवा एकोणीस, डावा पंचवीस. ठेका बरोबर बसतो. टाळ मला सोडून कुठे जात नव्हते. फक्त एकोणिसाला कळ डोक्यापर्यंत जायची, आणि तिथे मला आबांची भांडणं आठवायची, खरंच अठरा का नाही केलं मेल्यांनी!

धर्मपुरीच्या अलीकडे एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या सावलीत बसले ती उठेचना. दिंडी पुढे गेली. आमच्या दिंडीची पताका मला दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

"काय गं, बसलीस?"

म्हातारी. जिंतुराकडची, ते नंतर कळलं. मी बूट काढून मोजा उतरवायच्या विचारात होते, आणि तो चिकटला होता.

"फोड आलाय."

"दाखीव."

मी पाय मागे घेतला. पायाला वास येत होता, आणि ती माझ्या आजीच्या वयाची. तिने माझ्या गुडघ्यावर चापटी मारली, खाली फतकल घातली आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. तिची पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळलेली होती. प्यायचं पाणी. त्यातलं निम्मं तिने मोज्यावर ओतलं, तो भिजेपर्यंत काही न बोलता थांबली, आणि मग साल काढावी तसा हलक्या हाताने काढला. चंचीतून सुई काढली, काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. ट्रॅक्टरवाल्याकडून काडेपेटी मागून सुई तापवली. सुई आणि दोरा माझ्या हातात दिला.

"ओव. मला दिसत न्हाई."

माझा हात थरथरत होता. तीनदा चुकला. ती घाई करत नव्हती. रस्त्यावरून दिंड्या जात होत्या, एकीचा अभंग दुसरीच्या अभंगात मिसळत होता, आणि आम्ही दोघी एका सुईच्या नेढ्याकडे बघत बसलो होतो.

सुई एका कडेने घातली, दुसऱ्या कडेने काढली. पाणी वाहिलं. दोरा तिने आतच ठेवला आणि दोन्हीकडे बोटभर टोकं सोडून दाताने तोडला.

"काढू नगंस. त्यो पानी वढतो."

माझा चुलतभाऊ डॉक्टर आहे. त्याला हे वाचून काय वाटायचं ते वाटो.

"कुनासंगं आलीस?"

मी आबांचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. दहा दिवसांत कुणाला सांगितलं नव्हतं.

"कंडक्टर व्हते? मंग त्यांनी मला कव्हातरी ढकललं असंल."

"ते साताऱ्याचे. तुमच्या बाजूला नव्हते कधी."

"समदे सारखेच. मी लई भांडले त्येंच्यासंगं. गाठोड्याचं तिकीट मागायचे. म्हनलं, आत तुळस हाय. तुळशीला तिकीट असतं व्हय?"

मला दुसरी बाजू ठाऊक होती. वाटेत तपासणीस चढला आणि गाठोडं बिनतिकीट निघालं तर मेमो गाठोड्याला मिळत नाही, कंडक्टरला मिळतो. आबांना असे दोन मिळाले होते आणि दोन्ही आषाढीतले. पण मांडीवर पाय असताना एसटीची बाजू काय घेणार.

"आता परतीला तिकीटच न्हाई मला," ती म्हणाली. "पंच्याहत्तर झाली. आधार दावायचं, बसायचं." आणि मग एकदम, "आता भांडायला बी कोन न्हाई."

मी वाकून नमस्कार केला तर ती माझ्या पायाला हात लावायला खाली वाकली, त्याच पायाला. तशीच उठून चालायला लागली. नाव विचारायचं राहिलं. दिंडीचा नंबर तिने सांगितला होता, तोही मी विसरले.

त्या संध्याकाळी मी घरी जायचं ठरवलं होतं. टँकरपुढे भांडणं, शौचालयापुढे रांग, शेजारच्या राहुटीत कर्णा. नवऱ्याला फोन लागला नाही म्हणून राहिले, याला श्रद्धा म्हणायचं असेल तर म्हणा.

समाजआरतीला मात्र बसले. मला सगळ्या वारीत तो प्रकार सगळ्यात आवडला. चोपदारांनी चोप वर करून 'होऽऽ' केलं की हजारो टाळ एका क्षणात गप्प. आणि मग त्या शांततेत एकच दिंडी टाळ वाजवत राहते, कारण तिची तक्रार आहे. गाऱ्हाणं मांडायचं तर टाळ बंद करायचे नाहीत, बस. चोपदार जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. नंतर हरवल्या-सापडल्याची यादी. दोन चष्मे, एक तांब्या, किल्ल्यांचा जुडगा, एक कवळी. कवळीला हशा झाला. आबा गाडीत सापडलेली छत्री डेपोत जमा करून पावती घ्यायचे आणि पावती घरी लावून ठेवायचे. आजी म्हणायची, "छत्री आणली असती तर भिजला तरी नसता."

माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव. दोरा आतच होता. फोड सुकत गेला.

वाखरीला पोचले त्या रात्री थोरल्या काकांचा फोन. "इथूनच आबा चालले होते, माहितीय ना?" काकांचं म्हणणं, ७२ च्या दुष्काळाच्या आसपास एका आषाढीला गाडी वाखरीत अडकली, पुढे-मागे मुंगीला वाट नाही, तेव्हा आबा उतरले आणि खाकी कपड्यांत, गळ्यात पिशवी, दिंडीत शिरून पंढरपुरापर्यंत चालत गेले. एक टप्पा. काकांना हे आबांच्या ड्रायव्हरने सांगितलेलं.

आत्या म्हणाली, साफ खोटं. "गल्ल्याची पिशवी गळ्यात असताना तो माणूस लघवीलासुद्धा ड्रायव्हरला सांगून जायचा. गाडी सोडून चालेल? वाखरीहून चालली ती आई. आबांनी तिला गाडीतून उतरवलं, कारण एका बाळंतिणीला बसायला जागा हवी होती. आई जन्मभर ते बोलून दाखवायची."

मी वही काढून विजेरीच्या उजेडात पाहिली. त्या वर्षांच्या आषाढात एकही नोंद नाही. आषाढात कधीच नाही, कुठल्याही वर्षी. मुक्कामी ड्यूटी नसायची ना.

२०२० साली वारी निघाली नाही. दशमीला माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. आजी तेव्हा होती. टीव्हीपुढे हात जोडून बसलेली. गाडी हलली तशी म्हणाली, "यंदा ह्यांनी ड्यूटी मागून घेतली असती." आणि मग, "कंडक्टर कोण आहे, दाखवत का नाहीत?" टीव्हीवाल्यांनी शेवटपर्यंत दाखवला नाही. तिने दोन-तीनदा विचारलं.

पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं. दर्शनबारीत उभं राहायची ताकद नव्हती आणि, खरं सांगायचं तर, इच्छाही नव्हती. चंद्रभागेत पाय बुडवले. दोरा तिथे निघून गेला असावा. संध्याकाळी पाहिलं तर नव्हता.

परतीची जादा गाडी चंद्रभागा स्थानकावरून. कंडक्टर पोरगेलासा, हातात यंत्र, बोटभर पट्टी निघते आणि झालं तिकीट. मला जागा मिळाली होती ती मी महूदपर्यंत सांभाळली, मग एका आजोबांना दिली. मागच्या बाकावर चार-पाच जणांनी रूपाचा अभंग धरला. टाळ नाही, बाकाच्या दांडीवर बोटं वाजवत. चाल वेगळी होती. दुसऱ्या चरणाला वर न जाता खाली उतरत होती, आणि पुन्हा उचलताना थोडं थांबत होती, श्वास घेतल्यासारखी. दहा-पंधरा दिवसांत मी ही कुठे ऐकली नव्हती. मी दांडीला धरून मागे सरकले.

"काका, ही चाल कुठली?"

गाणारा थांबला. बाकीचे म्हणतच राहिले.

"चाल कसली? आमच्यात अशीच म्हणतात."

"तुमचं गाव कुठलं?"

त्याने गाव सांगितलं, पण तेवढ्यात डबल बेल वाजली, गाडीने गचका दिला आणि सगळे एकदम पुढच्या चरणावर गेले. मला नाव नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते.