यादवीतला जर्मन पूर्वज: पलटण सापडली, गाव बाकी

सद्यस्थिती: अमेरिकी यादवीत लढलेल्या जर्मन पूर्वजाची पलटण पक्की, जर्मनीतलं गाव अजून नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सेवा-नोंदीत जन्मस्थान म्हणून पुष्कळदा नुसतं 'प्रशिया' (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) असतं, आणि तेवढ्यावर चर्चचं एकही बाप्तिस्म्याचं पुस्तक उघडता येत नाही.

नावाचा घोळ आधी निस्तरावा. कारकून ऐकू येईल तसं लिहीत. येगर 'जे'खाली नसला तर 'वाय'खाली बघायचा. त्सिमरमानचा कधी सरळ कार्पेंटर होतो. योहान हाइनरिशला घरी बहुधा हाइनरिशच म्हणत, म्हणून 'जॉन'बरोबर 'हेन्री'ही शोधा.

एकाच नावाचे चौघे निघाले तर सैनिकी पेन्शनची टी-२८८ ही नाववार सूची बाजूला ठेवून टी-२८९ घ्या. ती पलटण-कंपनीप्रमाणे लावलेली आहे. ८२वी इलिनॉय, २६वी विस्कॉन्सिन, ९वी ओहायो अशा जर्मन पलटणींत तिच्याशिवाय भागत नाही.

सूचीच्या कार्डावर दोन ओळी बघा, सैनिकाची आणि विधवेची. विधवेचा प्रमाणपत्र-क्रमांक असेल तर फाइल त्याच क्रमांकाने मागवायची. सैनिकाचे कागद सहसा त्यातच घातलेले असतात. नॅशनल आर्काइव्हजचा (अमेरिकेचं सरकारी अभिलेखागार) अर्ज ८५ पेन्शनसाठी, ८६ सेवा-नोंदीसाठी. पैसे वाचवायला निवडक कागदांचा संच घेऊ नका, पूर्ण फाइल घ्या. गाव दडलेलं असतं ते लग्नाच्या पुराव्यात, नाहीतर गाववाल्या सोबत्याच्या शपथपत्रात. पेन्शन खात्याच्या १८९८च्या प्रश्नावलीत बायको-मुलांची विचारणा आहे, जन्मस्थळाची १९१५च्या. म्हातारा तोवर जगला असेल तर नशीबच!

नागरिकत्वाचं इरादापत्र (नागरिक व्हायचं असल्याचं आधी दिलेलं निवेदन) मिळत नाही म्हणून अडून बसू नका. १८६२च्या कायद्याने सन्मानाने सुटलेल्या सैनिकाला ते लागतच नसे. हाम्बुर्गच्या १८५०पासूनच्या प्रवासी-याद्यांत गाव असतं. ब्रेमनच्या बहुतेक नष्ट झाल्या.

मिळालेलं गावाचं नावही धड नसतं. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीतला 'ई' थेट 'एन'सारखा दिसतो. 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या आकडीवरून. मायरच्या १९१२च्या स्थलकोशाच्या ऑनलाइन आवृत्तीत आधी तारांकन (*) टाकून नावाच्या शेपटावरून शोधा: सुरुवात बिघडलेली असली तरी '-हाउझेन' बहुधा शाबूत राहतं. जवळची चर्चंही तिथेच दिसतात. वाडी लहान असेल तर पुस्तक शेजारच्या गावी असायचं.

नागरी जन्मनोंदणी जर्मन साम्राज्यभर १८७६पासूनची, म्हणजे या पिढीला चर्चचीच पुस्तकं. ती दोन संकेतस्थळांवर बघायची: प्रॉटेस्टंट असेल तर आर्किओन, पैसे भरून. कॅथलिक असेल तर मात्रिकुला, फुकट. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर मात्र १७९८पासून नागरी नोंदी सापडतात.